वच्छोमीपासून वऱ्हाडीपर्यंत

एका राजाचे हरवलेले प्राकृत महाकाव्य, जैन मंदिरांतल्या अपभ्रंश पोथ्या, तांड्यावरची गाणी आणि दोन कादंबरीकार. वाशिम जिल्ह्याच्या साहित्याचा हा वेध, पेरूच्या साहित्याला शेजारी बसवून घेतलेला.

साहित्याचे लग्न वाशिमला लागले. ही गावकीतली बढाई नव्हे. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात तसे लिहून ठेवले आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष. आईने ब्रह्मदेवाच्या सभेला सोबत नेले नाही म्हणून तो रागावून निघाला. त्याला वळवण्यासाठी गौरीने साहित्यविद्यावधू निर्माण केली आणि त्याच्या मागे धाडली. दोघे पूर्वेकडे गेले, पांचालात गेले, अवंतीत गेले, मग दक्षिणेत उतरले. प्रत्येक प्रदेशात तिचा वेष बदलला, नाच बदलला, बोलण्याची ढब बदलली आणि प्रत्येक मुक्कामी त्याचा राग थोडा थोडा उतरत गेला. विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात तो पुरता तिचा झाला आणि तिथे त्यांचा गांधर्वविवाह लागला. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम.

राजशेखर एवढ्यावर थांबला नाही. ‘कर्पूरमंजरी’ हे त्याचे नाटक संपूर्ण प्राकृतात आहे आणि ते त्याची पत्नी अवंतिसुंदरी हिच्या इच्छेवरून रंगमंचावर आले. त्याच्या नांदीत काव्याच्या रीती मोजताना मागधी आणि पांचाली यांच्यासोबत तो ‘वच्छोमी’चे, म्हणजे वत्सगुल्माच्या रीतीचे, नाव घेतो. ज्या रीतीला बाकीचे वैदर्भी म्हणतात, तिला त्याने थेट वाशिमचे नाव दिले. नाटकाची नायिकासुद्धा मांत्रिकाच्या सामर्थ्याने वच्छोम नगरातूनच आणली जाते. कनौजच्या दरबारात बसून लिहिणाऱ्या या कवीला वऱ्हाडातल्या एका गावाचे एवढे कौतुक का असावे, याचे उत्तर त्याच्याही पाच-सहा शतके आधीच्या इतिहासात आहे.

आज वाशिमच्या बसस्थानकावर उतरलेल्या पाहुण्याला बालाजीचे देऊळ दाखवतात, पद्मतीर्थ दाखवतात. जिल्हा तसा नवा. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके, 2011च्या जनगणनेत 11,97,160 लोकसंख्या. सोयाबीन आणि तुरीचा मुलूख, नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत नाव. बातम्यांत वाशिम येते ते पीकविम्यासाठी, पावसासाठी, नाहीतर पोहरादेवीच्या यात्रेसाठी. साहित्याच्या नकाशावर त्याची जागा कोणी शोधत नाही. शोधली तर मात्र एक सलग रेघ दिसते: या भागाने जे मोठे लिहिले, जपले किंवा गायले, ते बहुतेक वेळा मानाच्या भाषेत नव्हते. ते तिच्या शेजारच्या भाषेत होते.

राजाने निवडलेली भाषा

1939 साली वाशिममध्ये चार पत्र्यांचा एक ताम्रपट सापडला. यवतमाळचे इतिहाससंशोधक य. खु. देशपांडे आणि द. बा. महाजन यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला. दान देणारा राजा वाकाटक वंशातला विंध्यशक्ती दुसरा, दान दिल्याचे वर्ष त्याच्या राज्याचे सदतिसावे, आणि शासन निघाले ते वत्सगुल्माहून. तोवर वाकाटकांच्या या शाखेचा पत्ताच नीट लागलेला नव्हता. अजिंठ्याच्या 16व्या लेण्यात मंत्री वराहदेवाने कोरवलेला लेख होता, पण तो इतका झिजलेला की राजांची नावे चुकीची वाचली जात होती. वाशिमचा ताम्रपट मिळाला आणि अजिंठ्याच्या भिंतीवरची वंशावळ जुळली. अजिंठ्याची उत्तम लेणी ज्या हरिषेणाच्या काळात कोरली गेली, तो राजा याच वाशिमच्या घराण्यातला.

या ताम्रपटाची भाषा पाहण्यासारखी आहे. राजाची वंशावळ संस्कृतात आहे. पुढचा कामाचा मजकूर, म्हणजे कोणते गाव, कोणाला आणि कोणत्या सवलतींसह दिले, हा प्राकृतात आहे. बिरुदे संस्कृतात मिरवायची आणि गावकऱ्यांना, अंमलदारांना जे कळलेच पाहिजे ते लोकांच्या भाषेत सांगायचे, अशी ही वाटणी. वाशिमच्या वाङ्मयाचा पहिला उपलब्ध कागद, खरे तर पहिले तांबे, असे दुभाषी आहे.

विंध्यशक्तीचा बाप सर्वसेन. त्याने ही शाखा चौथ्या शतकात स्थापली. तो राजा होता आणि कवीही होता. त्याने ‘हरिविजय’ नावाचे महाकाव्य लिहिले, तेही महाराष्ट्री प्राकृतात. विषय पारिजातहरणाचा: सत्यभामेसाठी कृष्णाने स्वर्गातून पारिजातक आणला ती कथा. काव्य मोठे नावाजले गेले. काश्मीरचा आनंदवर्धन ‘ध्वन्यालोका’त सांगतो की, रसाला पोषक असे बदल जुन्या कथेत करण्याचा अधिकार कवीला आहे, आणि उदाहरणे देताना कालिदासाच्या प्रबंधांपाठोपाठ सर्वसेनाच्या ‘हरिविजया’चे नाव घेतो. कुंतकाने सहज सुकुमार मार्गाचे कवी म्हणून कालिदास आणि सर्वसेन यांना एका ओळीत बसवले. ‘गाथासप्तशती’च्या टीकाकारांनी तिच्यातल्या काही गाथा सर्वसेनाच्या नावावर नोंदवल्या आहेत.

असे हे काव्य आज नाही. संपूर्ण पोथी कुठेही मिळालेली नाही. जे उरले ते भोज आणि हेमचंद्र यांच्यासारख्यांनी आपापल्या ग्रंथांत उदाहरणादाखल उतरवून घेतले तेवढेच. प्राकृताचे अभ्यासक व्ही. एम. कुलकर्णी यांनी भोजाच्या ग्रंथांतून हे तुकडे वेचून लावण्याचे चिकाटीचे काम केले. वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेतल्या प्रवरसेनाचे ‘सेतुबंध’ हे प्राकृत महाकाव्य मात्र पूर्ण टिकले, कारण त्याच्या प्रती आणि टीका देशभर होत राहिल्या. वाशिमच्या काव्याला ते भाग्य लाभले नाही.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. सर्वसेनाला संस्कृत येत नव्हते म्हणून त्याने प्राकृत धरले, असे नाही. त्याच्याच घराण्याच्या ताम्रपटात उत्तम संस्कृत आहे. वाशिमजवळच्या हिस्से बोराळा येथील शिलालेख शके 380चा, म्हणजे इसवी सन 458च्या सुमाराचा. देवसेन राजाच्या काळात स्वामिल्लदेवाने सुदर्शन नावाचे तळे बांधले, हे त्यात नोंदवलेले आहे आणि तो लेख संस्कृतातच आहे. दोन्ही भाषा हाताशी असताना काव्यासाठी राजाने प्राकृत निवडले. ही अडचण नव्हती, निवड होती. राजशेखराला वच्छोमीचे कौतुक वाटले त्याचे मूळ इथे आहे.

लिमामधला जुना वाद

भाषा निवडण्याचा हाच प्रश्न पेरूतही आहे. तिथल्या राजधानीत, लिमामध्ये, 13 एप्रिल 2025 रोजी मारिओ वार्गास योसा वारले. 2010चे नोबेल मिळालेला हा पेरूचा कादंबरीकार. लष्करी शाळेतल्या मुलांवरची 1963ची त्यांची पहिली कादंबरी गाजली आणि लॅटिन अमेरिकेच्या कादंबरीला जगाने नव्याने वाचायला घेतले, त्यात या पुस्तकाचा वाटा होता. पण पेरूच्या साहित्याचा खरा पेच योसा जन्मण्याच्या आधी तीनशे वर्षे सुरू झाला होता: लिहायचे कोणाच्या भाषेत?

इंका गार्सिलासो दे ला वेगा 1539 साली कुस्कोत जन्मला. आई इंका राजघराण्यातली, बाप स्पॅनिश सरदार. आईकडच्या लोकांचा इतिहास त्याने बापाच्या भाषेत लिहिला आणि 1609 साली लिस्बनला छापला. त्याच्याच काळातला वामान पोमा हा अँडीज डोंगरातल्या, केचुआ भाषा बोलणाऱ्या लोकांतला माणूस. त्याने स्पेनच्या राजाला उद्देशून सुमारे बाराशे पानांची तक्रारवजा बखर लिहिली. भाषा स्पॅनिश, पण मधूनमधून केचुआ, आणि सोबत शेकडो चित्रे. 1615च्या सुमाराची ही पोथी राजाने वाचली की नाही, देव जाणे. 1908 साली ती कोपनहेगनच्या ग्रंथालयात सापडली. वाशिमच्या ताम्रपटासारखीच तीही उशिरा बोलू लागली.

पुढे क्लोरिंदा मात्तो दे तुर्नेर हिने 1889 साली आदिवासींच्या पिळवणुकीवर कादंबरी लिहिली आणि चर्चचा रोष ओढवून घेतला. होसे कार्लोस मारियातेगीने 1926 साली ‘अमाउता’ नावाचे मासिक काढून डोंगरातल्या माणसाला साहित्याच्या आणि राजकारणाच्या मध्यभागी आणले. सान्तियागो दे चुको या डोंगराळ गावात 1892 साली जन्मलेल्या सेसार वायेहोने 1922च्या ‘त्रिल्से’ या संग्रहात स्पॅनिशचे व्याकरणच मोडून पाहिले. आणि होसे मारिया अर्गेदास. 1911चा जन्म, आई लहानपणीच गेली, सावत्र आईच्या घरी तो केचुआ बोलणाऱ्या नोकरांमध्ये वाढला. त्याच्या 1958च्या ‘खोल नद्या’ या अर्थाच्या कादंबरीत स्पॅनिश वाक्ये केचुआच्या चालीने चालतात. 1968 साली पुरस्कार घेताना त्याने ठामपणे सांगितले की, आपण स्वतःची संस्कृती सोडून दुसरीत विरघळलेलो नाही. दोन्ही भाषा आपल्याच आहेत.

वार्गास योसाला हे पटले नाही. 1996 साली त्याने अर्गेदासवर एक अख्खे पुस्तक लिहिले. अर्गेदास थोर लेखक आहे, हे त्यात मान्य केले. पण डोंगरातल्या प्राचीन, अखंड, निर्मळ समाजाचे त्याचे स्वप्न हे स्वप्नच आहे, असे बजावले. मातीतली भाषा वापरली म्हणजे साहित्य आपोआप खरे होत नाही, असा या वादाचा एक धडा. आणि ती भाषा टाळली तर देशातला अर्धा माणूस मुका राहतो, हा दुसरा. पेरूने दोन्ही धडे घेतले. वाशिमलाही दोन्ही लागू पडतात.

कारंज्याची कपाटे

वाशिमहून ईशान्येला कारंजा. लाडांचे कारंजे म्हणून जुन्या कागदांत नाव. व्यापाराने इतके श्रीमंत की 1670 साली सुरतेनंतर मराठ्यांच्या फौजेने ते लुटले. दत्तसंप्रदायाला हे गाव नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून ठाऊक आहे. ‘गुरुचरित्रा’ने त्याचे नाव घरोघरी पोचवले. पारायण करणाऱ्या लाखो लोकांना कारंजे माहीत आहे ते असे.

याच गावात दिगंबर जैनांची तीन जुनी मंदिरे आहेत: बलात्कारगणाचे, सेनगणाचे आणि काष्ठासंघाचे. तिन्ही भट्टारकांच्या, म्हणजे जैन मठाधिपतींच्या, गाद्यांशी बांधलेली. प्रत्येकाजवळ पोथ्यांचे भांडार. व्यापारी घराण्यांनी व्रताच्या उद्यापनाला पोथ्या नकलून घ्यायच्या आणि मंदिराला द्यायच्या, श्रुतपंचमीला त्या बाहेर काढून पूजायच्या, अशी रीत. धर्मासाठी केलेल्या या सेवेने भाषेचा एक अख्खा टप्पा वाचवला.

हा टप्पा अपभ्रंशाचा. प्राकृत सरले आणि मराठी, गुजराती, हिंदी अजून उभ्या राहायच्या होत्या, त्या मधल्या काळाची ही भाषा. विसाव्या शतकाच्या आरंभी तिचे फारच थोडे ग्रंथ माहीत होते. रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची 1926 साली प्रसिद्ध केली. त्या कामात कारंज्याची कपाटे उघडली गेली आणि अभ्यासक चकित झाले. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी हे काम पुढे नेले. कारंज्याच्या चवरे घराण्याच्या नावाने अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमाला निघाली. तिच्यात 1931 साली प. ल. वैद्य यांनी संपादलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ आले, 1932 साली ‘सावयधम्मदोहा’, 1933 साली ‘णायकुमारचरिउ’ आणि रामसिंहाचे ‘पाहुडदोहा’, 1934 साली कनकामर मुनींचे ‘करकंडचरिउ’. चार-पाच वर्षांत एका गावाच्या कपाटांनी भाषेच्या इतिहासातली मोठी पोकळी भरून काढली.

पुष्पदंत हा दहाव्या शतकातला कवी, राष्ट्रकूटांच्या मान्यखेटचा. ‘जसहरचरिउ’त एका राजाची गोष्ट आहे. त्याने खरा जीव मारायला नको म्हणून पिठाचा कोंबडा करून बळी दिला. पण मारण्याची इच्छा होती म्हणून त्याला जन्मोजन्मी त्याचे फळ भोगावे लागले. कल्पना धार्मिक, पण कथा माणसाच्या मनाचा इतका बारीक हिशेब मांडते की आजचा कादंबरीकारही ती पुन्हा वाचेल. ‘पाहुडदोहा’तला मुनी तर तीर्थे, पोथ्या आणि बाह्य कर्मकांड यांना सरळ नाकारतो, आपल्या संतकवितेचे पाऊल त्या दोह्यांत आधीच उमटलेले दिसते.

1918 साली कारंज्यात महावीर ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला. पुढे समंतभद्र महाराज म्हणून ओळखले गेलेले त्याचे संस्थापक. ‘षट्खंडागम’ हा दिगंबरांचा प्राचीन प्राकृत आगमग्रंथ शतकानुशतके कर्नाटकातल्या मूडबिद्रीत बंद होता. 1939 साली हिरालाल जैन यांनी अमरावतीहून त्याचा पहिला खंड छापला तेव्हा पाठ ठरवण्यासाठी वापरलेल्या नकलांत कारंज्याच्या आश्रमातली नक्कलही होती. म्हणजे ज्या वर्षी वाशिमचा ताम्रपट उजेडात आला, त्याच वर्षी कारंज्याची ही नक्कल कामी आली.

या भट्टारकांच्या शिष्यपरंपरेने मराठीतही पुराणकथा, आरत्या, चरित्रे रचली. नागपूरकडचे अभ्यासक विद्याधर जोहरापूरकर यांनी 1958 साली ‘भट्टारक संप्रदाय’ या ग्रंथात या गाद्यांच्या पट्टावली आणि लेख एकत्र केले. तरी जैन मराठी वाङ्मय आपल्या साहित्येतिहासात अजूनही एखाद्या परिच्छेदावर भागवले जाते.

पेरूलाही असा एक राखणदार मिळाला होता. 1881 साली चिलीच्या फौजेने लिमा घेतले आणि राष्ट्रीय ग्रंथालय लुटले. 1883 साली रिकार्दो पाल्मा या कथालेखकावर ते पुन्हा उभारण्याची जबाबदारी आली. पैसा नव्हता. पाल्माने जगभरच्या लेखकांना आणि सरकारांना पत्रे लिहून पुस्तके मागितली. लोक त्याला भिकारी ग्रंथपाल म्हणू लागले आणि त्याने ते नाव अभिमानाने मिरवले. कारंज्यात हे काम एका माणसाने केले नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या वाटले गेले, म्हणून कोणा एकाच्या नावावर नाही.

लिपी नसलेले ग्रंथालय

मानोरा तालुक्यातली पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. अठराव्या शतकातल्या संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे. रामनवमीला देशभरातून तांडेच्या तांडे येतात. बंजाऱ्यांचा जुना धंदा मालवाहतुकीचा. लदेणीचे बैल घेऊन मीठ आणि धान्य मुलूखभर पोचवायचे. आगगाडी आली आणि धंदा बसला. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांना जन्मापासून संशयित ठरवले, त्याची झळ यांनाही लागली.

त्यांची गोरबोली राजस्थानीला जवळची. तिला स्वतःची लिपी नाही. पण वाङ्मय विपुल आहे. होळीला लेंगी गातात. टिपेच्या सुरात, हलगीच्या तालावर, कधी थट्टा तर कधी इतिहास. लग्नात नवरी ढावलो गाते. आईच्या, भावाच्या, मैत्रिणीच्या गळ्यात पडून ती जे रडते ते ओळींत बांधलेले असते, आणि त्या ओळी ती तिथेच जुळवते. ढाडी, म्हणजे समाजाचे भाट, वंशावळी गातात. हे सगळे स्मरणात राहते आणि गाणारी म्हातारी गेली की तिच्याबरोबर जाते.

ऑक्टोबर 2024मध्ये दोन घटना दोन दिवसांच्या अंतराने घडल्या. 3 तारखेला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच निर्णयात प्राकृतलाही तो मिळाला. 5 तारखेला पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. सर्वसेनाची भाषा अभिजात ठरली आणि सेवालालांच्या लोकांच्या वस्तूंना इमारत मिळाली. वस्तू जपल्या हे चांगलेच झाले. ढावलो मात्र काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. ती ध्वनिमुद्रित करावी लागते, उतरवून घ्यावी लागते, तिचा अर्थ जाणणाऱ्या बाईला शेजारी बसवून लिहावी लागते.

इथेही पेरूतली एक गोष्ट आठवावी. सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सिस्को दे आव्हिला या पाद्र्याने वारोचिरी भागातल्या मूर्तिपूजेचा नायनाट करण्यासाठी तिथल्या देवांच्या कथा केचुआत गोळा करवल्या. देव मोडले, कथा मात्र कागदावर राहिल्या. 1966 साली अर्गेदासने त्यांचा स्पॅनिश अनुवाद केला आणि शत्रूने जमवलेला ऐवज लेकरांना परत मिळाला. आपल्याकडे अशा शत्रूचीही वाट पाहण्याची गरज नाही. तांड्यातली शिकलेली मुले-मुली आहेत, हातात मोबाइल आहे.

ब्रह्मा आणि शिरपूर

आधुनिक मराठी कादंबरीत वऱ्हाडी बोली दमदारपणे आली ती उद्धव शेळक्यांच्या 1960च्या ‘धग’मधून. अमरावतीकडच्या त्या कादंबरीने ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ म्हणणाऱ्या माणसाला विनोदी पात्राच्या कोपऱ्यातून उठवून दुःखाच्या मध्यभागी बसवले. ही वाट वाशिमकडच्या दोन लेखकांनी पुढे नेली.

वाशिमजवळच्या ब्रह्मा गावचे बाबाराव मुसळे हे पेशाने शिक्षक. ‘हाल्या हाल्या दुधू दे’ ही त्यांची कादंबरी 1980च्या दशकात आली आणि वाचकांनी उचलून धरली. नंतर ‘पखाल’, ‘वारूळ’ आणि इतर कादंबऱ्या, कथा. मुसळ्यांचे गाव गोजिरे नाही. शेती, कर्ज, जात आणि सत्ता यांचे जाळे त्यांना आतून माहीत आहे, कारण ते त्याच्या बाहेर राहायला कधी गेले नाहीत. पुण्या-मुंबईला न जाता, गावात बसून, गावावर लिहीत राहणे ही त्यांची निवड आहे. तिची किंमतही त्यांनी मोजली. समीक्षेच्या मुख्य चर्चेत त्यांचे नाव जितके यायला हवे तितके येत नाही.

दुसरे नामदेव कांबळे. जन्म 1948चा, मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरचा. अंतरिक्ष पार्श्वनाथासाठी जैन समाजात प्रसिद्ध असलेले हे गाव. कांबळ्यांचे घर दलित वस्तीतले. शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी शाळेत चौकीदारी केली, पुढे शिकून शिक्षक झाले. एका दलित विधवा आईच्या झुंजीवरच्या त्यांच्या ‘राघववेळ’ या कादंबरीला 1995चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 2021 साली पद्मश्री मिळाली. ‘ऊनसावली’, ‘मोराचे डोळे’ ही त्यांची आणखी पुस्तके.

दलित साहित्याची पहिली लाट आत्मकथनांची होती आणि तिचा सूर बहुधा ‘मी’चा होता. ‘राघववेळ’ने तोच अनुभव कादंबरीच्या घाटात घातला; आईला मध्यभागी ठेवले. अन्याय तर आहेच, पण त्याखाली दबलेल्या घरात माया कशी टिकते, लाज कशी सांभाळली जाते, पोरांच्या भुकेचा हिशेब आई कसा करते, हे त्यात दिसते. वार्गास योसाने अर्गेदासवर घेतलेला आक्षेप इथे लागू पडत नाही. कांबळ्यांनी जुन्या गावाचे सोनेरी चित्र काढलेले नाही. त्या गावात परत जावे असे वाटायला लावणारी ही कादंबरीच नाही.

तरीही योसाचा प्रश्न वऱ्हाडी लेखनाला विचारायला हवा. आज बोली सर्वाधिक ऐकू येते ती हास्य कविसंमेलनात आणि मोबाइलवरच्या चित्रफितींत. ‘काऊन बाप्पा’ म्हटले की टाळ्या पडतात. पुस्तकांतही बोली बहुतांश संवादापुरती असते. पात्र वऱ्हाडीत बोलते आणि लेखक त्याच्याविषयी पुस्तकी मराठीत विचार करतो. म्हणजे वाशिमच्या ताम्रपटातली वाटणी उलट्या अंगाने चालूच राहिली: मान एका भाषेला, काम दुसरीला. निवेदनच बोलीत करणारी, त्या चालीत विचार करणारी कादंबरी या मातीतून अजून यायची आहे. ती येईल तेव्हा तिचा पूर्वज कोण, असे विचारले तर अर्गेदासकडे बोट दाखवण्याची गरज पडणार नाही. सोळाशे वर्षांपूर्वी गादीवर बसून लोकांच्या भाषेत महाकाव्य लिहिणारा सर्वसेन याच गावचा होता.

करण्यासारखे काय

वाशिमचे साहित्य तुटक दिसते, कारण ते वेगवेगळ्या खात्यांत विखुरले आहे. ताम्रपट आणि ‘हरिविजय’ संस्कृत-प्राकृतवाल्यांकडे. कारंज्याच्या पोथ्या जैन अभ्यासकांकडे. ‘गुरुचरित्र’ भाविकांकडे. लेंगी आणि ढावलो समाजाच्या कार्यकर्त्यांकडे. ‘राघववेळ’ दलित साहित्याच्या अभ्यासक्रमात आणि मुसळे ग्रामीण साहित्याच्या. हे सगळे एका जिल्ह्याचे आहे, अशा नजरेने कोणी मांडलेले नाही. पेरूने मात्र गार्सिलासो, वामान पोमा, वायेहो, अर्गेदास आणि योसा यांना एका परंपरेत बसवले. ते एकमेकांशी भांडतात, तरी परंपरा एकच.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. ‘हरिविजया’चे उरलेले श्लोक मराठी अर्थासह एका छोट्या पुस्तकात यावेत, अमरावती विद्यापीठाच्या मराठी आणि संस्कृत विभागांना मिळून ते करता येईल. 2003पासून हस्तलिखितांसाठी राष्ट्रीय पातळीवर काम चालू आहे. कारंज्याच्या भांडारांची विश्वस्तांच्या संमतीने नवी सूची आणि छायाप्रती व्हाव्यात. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. त्याने गोरबोली आणि वऱ्हाडीचे ध्वनिसंग्रह हाती घ्यावेत, आणि सुरुवात मानोरा तालुक्यातून करावी. जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली वेरूळ-अजिंठ्याला जातात. जाताना मुलांना एवढे सांगावे की 16व्या लेण्यात ज्या राजांची नावे कोरली आहेत ते तुमच्या गावचे.

हे सरकारने आणि विद्यापीठांनी करायचे. वाचकाने करायचे काम त्याहून सोपे आहे. या दिवाळीत जवळच्या सार्वजनिक वाचनालयात जावे आणि ‘राघववेळ’ व ‘हाल्या हाल्या दुधू दे’ मागावीत. मिळाली तर घरी आणून वाचावीत. नसतील तर मागणीच्या वहीत दोन्ही नावे लिहून यावीत आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारावे.